कातळावरील उद्यान

उद्यान करावयाचे म्हटले म्हणजे माळी प्रथम जमीन खणतो, दगडगोटे वेचून टाकतो, खत घालतो, पाण्याची सोय करतो आणि मग रोपे लावतो. जोधपूर येथे मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी एक उद्यान असे आहे की, त्याच्या निर्मात्यांना या क्रमाचा काहीच उपयोग झाला नाही. तेथे खणण्याजोगी जमीन नव्हती. एक दगड उचलावा तर खाली दुसरा दगडच होता. पाणी घालून झाडे जगवावीत, हा त्यांचा हेतूही नव्हता. आणि पहिले रोप लावण्यापूर्वी तेथे आधीच माजलेले एक काटेरी रान मुळापासून काढून टाकणे भाग होते. या उद्यानास राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, म्हणजेच राव जोधा वाळवंटी शिलोद्यान, असे नाव आहे. इ. स. १४५९ मध्ये ज्या राव जोधाने मेहरानगडाचा पाया घातला आणि ज्याच्या नावावरून शहरास जोधपूर हे नाव पडले, त्याचेच नाव उद्यानास देण्यात आले आहे.

उद्यानाचे काम २००६ मध्ये सुरू झाले आणि २०११ मध्ये ते लोकांसाठी खुले करण्यात आले. किल्ल्याची व्यवस्था पाहणाऱ्या मेहरानगड संग्रहालय न्यासाने हे काम हाती घेतले आणि वृक्षांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी त्याची आखणी केली. क्षेत्र सुमारे ७० हेक्टर आहे. इतक्या मोठ्या जागेत हिरवळ नाही, कारंजे नाही, फुलांचे वाफे नाहीत. प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला आपण उद्यानात आलो आहोत की उद्यानाच्या बाहेरच उभे आहोत, असा प्रश्न पडल्यास त्यात नवल नाही. कारण जे रान मुळात या कातळावर असावयास हवे होते, तेच येथे पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला आहे.

वाळूचे वाळवंट आणि दगडाचे वाळवंट

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या, अशी आपली समजूत चित्रांवरून झालेली असते. थरच्या वाळवंटात अशा टेकड्या विपुल आहेत हे खरे. परंतु त्याच वाळवंटात खडकाळ डोंगर, मुरमाड माळ, खाऱ्या जमिनी आणि नद्यांच्या कोरड्या पात्रांकाठचे गाळाचे पट्टेही आहेत. वनस्पतीच्या दृष्टीने हे सर्व निरनिराळे देश होत. वाळूत राहणाऱ्या झुडपाला सरकत्या वाळूखाली गाडले जाण्याची आणि वाळू उडून मुळे उघडी पडण्याची भीती असते. कातळावरील झुडपाला ही भीती नाही. पण त्याला मूळ शिरवायला जागा हवी असते. म्हणून वाळूवर सुखाने वाढणारा फोग कातळावर आणून लावला तर तो टिकेलच असे नाही, आणि कातळावरचा थोर वाळूच्या टेकडीवर सहसा आढळत नाही. या उद्यानाने आपल्यापुरती निवड केली ती खडकावर राहणाऱ्या वनस्पतींची. थरच्या इतर खडकाळ भागांत हिंडून त्यांचे बी व रोपे मिळवण्यात आली.

येथील खडकाचे वयही ध्यानात घेण्याजोगे आहे. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम राजस्थानात ज्वालामुखींचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेला लाव्हा सिलिकायुक्त व अतिशय घट्ट होता. महाराष्ट्रातील काळ्या बसाल्टाचा लाव्हा जसा पातळ काकवीसारखा दूरवर पसरला, तसा हा पसरला नाही. त्यापासून तांबूस तपकिरी रंगाचा रायोलाइट हा अत्यंत कठीण खडक बनला. काही ठिकाणी तापलेली राख एकमेकींत वितळून तिचाच खडक झाला. पुढे कोट्यवधी वर्षांनी या खडकांवर वाळूचे थर साचले व त्यांचा वालुकाश्म झाला. जोधपूरच्या अनेक जुन्या वास्तूंचा दगड हाच. रायोलाइट व वालुकाश्म हे दोन खडक किल्ल्याच्या टेकडीशी जेथे एकमेकांना भेटतात, ती जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक म्हणून घोषित केली आहे. या दोन खडकांच्या सीमेवर बोट ठेवले असता त्या एका बोटाखाली कोट्यवधी वर्षांची पोकळी येते.

जोधपूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ३६ सेंटीमीटर पाऊस पडतो. मुंबईस एकट्या जुलै महिन्यात याच्या दुपटीहून अधिक पाऊस होतो. त्यातही जोधपूरचा पाऊस बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळातील थोड्या दिवसांत आटोपतो आणि एखाद्या वर्षी जवळजवळ येतच नाही. मग उघड्या कातळावर झाडे जगतात कशी? याचे उत्तर खडकाच्या फटींत आहे. मोठ्या शिळेवर पडलेले पाणी शिळेत मुरत नाही. ते घरंगळत जाऊन जवळच्या भेगेत शिरते. म्हणजे एका बोटभर रुंदीच्या भेगेला तिच्या भोवतालच्या सबंध शिळेवरचे पाणी मिळते. आत गेलेल्या या पाण्यावर ऊन पडत नाही व वारा पोहोचत नाही. म्हणून वरचा कातळ तव्यासारखा तापला असतानाही भेगेच्या तळाशी ओल राहू शकते. वाऱ्याने आणलेली धूळ आणि कुजलेला पाचोळा तेथेच साठून चिमूटभर माती होते. ज्या वनस्पतीचे मूळ अशी भेग शोधून काढू शकते, तिच्या दृष्टीने हा कातळ आपल्याला वाटतो तितका ओसाड नाही.

बावळियाची कथा

परंतु अशी भेग शोधण्यात सर्वांत निष्णात ठरली ती परदेशातून आलेली एक वनस्पती. शास्त्रीय ग्रंथांत प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या नावाने ओळखले जाणारे हे झाड मूळचे मध्य अमेरिका व मेक्सिको या प्रदेशांतील. मारवाडात त्यास बावळिया किंवा विलायती बबूल म्हणतात. महाराष्ट्रात आपण त्याला वेडी बाभूळ म्हणून ओळखतो. भारतात ते एकोणिसाव्या शतकातच आले होते. ओसाड जमीन हिरवी व्हावी आणि लोकांना जळण मिळावे, या सद्धेतूने १९३० च्या दशकात जोधपूर संस्थानात त्याची लागवड करण्यात आली. त्याचे बी विमानातून विखुरण्यात आले होते असे सांगतात.

हेतू सफल झाला; किंबहुना तो गरजेहून अधिक सफल झाला. बावळियाची पाने शेळ्या सहसा खात नाहीत, पण गोड शेंगा मात्र आवडीने खातात. शेंगांतील कठीण कवचाचे बी पोटातून तसेच बाहेर पडते आणि लेंडीच्या खतावर रुजते. झाडाच्या दाट सावलीत व पानांच्या कुजीत दुसरे बी सहजी उगवत नाही. मुळे खोलवर जातात आणि शेजारच्या वनस्पतींच्या वाट्याचे पाणी ओढून घेतात. पाहता पाहता किल्ल्याच्या भोवतालचा कातळ या एकाच झाडाने व्यापला. दुरून पाहणाऱ्याला तो हिरवा दिसत असे. परंतु जेथे पूर्वी अनेक जातींची झुडपे, गवते व वेली होत्या, तेथे आता एकच हिरवेपणा उरला होता.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. मारवाडातील व भारताच्या इतर कोरड्या प्रदेशांतील असंख्य गरीब कुटुंबांची चूल आजही याच झाडाच्या फांद्यांवर पेटते आणि त्याच्या कोळशावर अनेकांचा चरितार्थ चालतो. झाडाला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते आपल्या स्वभावानुसार वाढले, एवढेच. त्यास कोणत्या जागी वाढू द्यावयाचे आणि कोणत्या जागी नाही, हा विचार मात्र ते आणणाऱ्यांनी करावयास हवा होता. तो झाला नाही.

दगडाचा आवाज ऐकणारी माणसे

बावळिया तोडला तरी मरत नाही. जमिनीच्या किंचित खाली, जेथे खोड संपून मूळ सुरू होते तेथे, त्याचे सुप्त डोळे असतात. वरचे झाड कापले वा जाळले की हे डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी अनेक धुमारे फुटतात. म्हणून डोळ्यांचा हा संपूर्ण भाग उपटून काढल्याशिवाय झाड नाहीसे होत नाही. मऊ जमिनीत हे काम कुदळीने होते. येथे मात्र मूळ रायोलाइटच्या भेगेत घट्ट बसलेले होते. भोवतीचा दगड फोडल्यावाचून त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते आणि अशी झाडे एक-दोन नव्हे, सबंध टेकडीभर होती.

हे काम पार पाडले ते खंडवालिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खाणीतील दगड फोडण्याचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या कारागिरांनी. हातोडा व छिन्नी हीच त्यांची साधने. खंडवालिया दगडावर प्रथम हलकेच हातोडा मारतो आणि कान देऊन त्याचा आवाज ऐकतो. आवाज खणखणीत आला तर दगड एकसंध आहे. बद्द आला तर आत कोठे तरी भेग आहे. भेग कोणत्या दिशेने जाते, ती मूळ किती खोल घेऊन गेली असेल, छिन्नी कोठे लावली असता कमी श्रमांत दगड सुटेल, हे सर्व तो या आवाजावरून ठरवतो. भूशास्त्राच्या पुस्तकात खडकांच्या सांध्यांवर प्रकरण असते. येथे तेच ज्ञान हाताच्या व कानाच्या सवयीत उतरलेले दिसते. उद्यानाच्या इतिहासात वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बरोबरीचे स्थान या कारागिरांना द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण त्यांच्यावाचून शास्त्रज्ञाचे ज्ञान टेकडीच्या पायथ्याशीच थांबले असते.

मूळ काढल्यावर दगडात खड्डा उरे. हा खड्डा वाया गेला नाही. त्यात माती भरून तेथेच स्थानिक वनस्पतीचे रोप लावण्यात आले. बावळियाच्या मुळाने कातळात ओल असलेली जागा अगोदरच शोधून ठेवलेली होती; तिचा लाभ आता दुसऱ्यांना मिळाला. उद्यानात फिरताना एखादे झुडूप निव्वळ दगडातून वर आलेले दिसले तर क्षणभर थांबून त्याच्या बुंध्याशी पाहावे. पुष्कळदा छिन्नीचे घाव अजून दिसतात.

थोराच्या जाळीत

शहराच्या जुन्या तटातील सिंघोरिया पोळ या वेशीत उद्यानाचे माहितीकेंद्र आहे. येथील खडकांची व वनस्पतींची ओळख तेथे करून घ्यावी आणि मग वाटेला लागावे. निरनिराळ्या रंगांच्या खुणांनी दर्शविलेल्या चार पायवाटा आहेत. कोणत्याही वाटेने गेले तरी सर्वप्रथम लक्ष वेधून घेतो तो थोर. माणसाच्या उंचीचे किंवा त्याहूनही मोठे, शेकडो हिरव्या काटेरी दांड्यांचे त्याचे झुंबाडे कातळावर जागोजागी उभे असतात.

मराठीत आपण यास निवडुंग म्हणून मोकळे होऊ, पण येथे आपली भाषा थोडी फसवते. निवडुंग हा एकच शब्द आपण दोन सर्वस्वी भिन्न कुळांना लावतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस; त्याचे कूळ मूळचे अमेरिका खंडातील. त्रिधारी निवडुंग आणि हा मारवाडी थोर ही युफोर्बिया कुळातील, म्हणजे एरंडाची नातलग झाडे होत आणि ती येथलीच आहेत. दोन्ही कुळांचे पूर्वज निराळे, खंड निराळे. परंतु कोरड्या हवेचा प्रश्न एकच असल्यामुळे दोघांनी त्याचे उत्तरही सारखेच काढले. पाने टाकून दिली, खोड फुगवून त्यात पाणी साठवले, अन्न तयार करण्याचे काम त्या हिरव्या खोडाकडे सोपवले आणि अंगावर काटे धारण केले. दोघांतील भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. थोराला जखम झाली की पांढरा चीक वाहतो. कॅक्टसला साधारणपणे असा चीक नसतो. ही परीक्षा स्वतः करून पाहू नये. थोराचा चीक कातडीला दाह करतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. हिवाळ्याच्या अखेरीस थोराच्या दांड्यांवर तांबडी बारीक फुले येतात आणि सबंध टेकडीवर जणू गुलाल उधळल्यासारखे दिसते.

अशा मांसल वनस्पतींपैकी पुष्कळांचा श्वासोच्छ्वासाचा व्यवहारही विलक्षण असतो. सर्वसाधारण झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे उघडतात व हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात. परंतु त्याच वेळी त्यांच्या शरीरातील पाणी बाफ होऊन निघून जाते. मांसल वनस्पती ही रंध्रे दिवसा मिटून घेतात आणि हवा थंड झाल्यावर रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड त्या एका आम्लाच्या रूपाने साठवतात. दिवस उजाडला की रंध्रे बंद ठेवून तोच साठा सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनविण्यास वापरतात. म्हणून अशा वनस्पतीचा रस पहाटे अधिक आंबट असतो व संध्याकाळी त्याचा आंबटपणा कमी होतो. हा प्रकार प्रथम नोंदवला गेला तो आपल्याच देशात. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीच्या पानांची चव सकाळी आंबट व पुढे दिवसभरात बदलत गेलेली पाहिली आणि त्याचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. शाळेतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग चव न घेताही करता येईल. पानफुटीचे एक पान सूर्योदयापूर्वी व एक सूर्यास्ताच्या सुमारास तोडावे, दोहोंचा रस वेगवेगळा काढावा आणि आम्लता दाखविणाऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून रंगांची तुलना करावी.

थोराच्या जाळीजवळ आणखी थोडा वेळ थांबणे फायद्याचे ठरते. तिच्या मधोमध पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या झाडाचा शेंडा डोकावताना दिसतो. उघड्यावर पडलेले बी रुजले तरी कोवळे रोप उन्हाने करपते किंवा शेळीच्या तोंडी पडते. तेच बी थोराच्या जाळीत पडले तर त्यास सावली मिळते, वाऱ्याने अडकलेली माती मिळते आणि काट्यांचे कुंपण आयतेच लाभते. हिरव्या काटेरी पाळण्यात वाढलेले असे झाड मोठे होऊन डोके वर काढते तेव्हा त्याला शेळीचे भय उरलेले नसते.

पाने नसलेली झाडे

येथे बहुधा भेटणारे एक झाड म्हणजे कुमट. ते आपल्या खैराचे नातलग असून त्याला पेराशी तीन-तीन आकडेबाज काटे असतात. त्यांपैकी मधला खाली वळलेला असल्यामुळे हिसका देऊन कपडा सोडवू पाहणारा अधिकच गुंततो. याच जातीच्या झाडापासून सुदानादी देशांत व्यापारातील प्रसिद्ध अरबी डिंक मिळतो.

केराचे झुडूप याहूनही नवलाचे. संस्कृतातील करीर तो हाच. त्याला पाने येतात ती कोवळ्या फुटीवर, अगदी बारीक व अल्पकाळासाठी. एरव्ही ते केवळ हिरव्या काड्यांचे जाळे असते. भर्तृहरीने नीतिशतकात पाने नसलेल्या करीराचा उल्लेख दैवाचे उदाहरण म्हणून केला आहे. कवीचा अधिकार मान्य करूनही वनस्पतिशास्त्राला येथे मतभेद नोंदवावा लागतो. करीराला पाने नाहीत हे त्याचे दुर्दैव नव्हे. पान म्हणजे पाणी उडून जाण्याचा मोठा पृष्ठभाग. तो पृष्ठभागच करीराने रद्द केला आणि हरितद्रव्य काड्यांत ठेवले. यामुळेच भर उन्हाळ्यात, जेव्हा पानांची झाडे माना टाकतात, तेव्हा हे झुडूप विटकरी लाल फुलांनी डवरलेले दिसू शकते.

गुग्गुळाने हाच प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सोडविला आहे. वर्षाचा बराच काळ ते वाकड्यातिकड्या निष्पर्ण फांद्यांचे वठलेले झाड वाटते. त्याच्या खोडावरील कागदासारखा पातळ पापुद्रा सुटून लोंबत असतो; त्याच्याखाली पाहिले तर साल हिरवी असते. पाने नसताना हीच साल थोडेफार अन्न तयार करते. धूपात व औषधांत वापरला जाणारा गुग्गुळ हा या झाडाचा चीक होय. तो अधिक मिळावा म्हणून खोडाला खोल जखमा करतात आणि त्यामुळे झाडे मरतात. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत या जातीची नोंद आज अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. औषधाच्या दुकानातील डबीत गुग्गुळ सर्वांनी पाहिलेला असतो. जिवंत झाड पाहिलेले लोक मात्र थोडेच आढळतील.

आणखी एक बारीकशी वस्तू बसून पाहण्याजोगी आहे. आपल्या देशातील उघड्या कातळांवर, कोकणातल्या सड्यांवरही, ओरोपेशियम नावाचे बोटभरही उंची नसलेले एक गवत वाढते. कोरड्या दिवसांत ते इतके वाळते की, चिमटीत चुरडले तर भुगा व्हावा. परंतु ते मेलेले नसते. पाऊस पडला म्हणजे तीच वाळलेली पाने, नवी नव्हेत, एक-दोन दिवसांत पुन्हा हिरवी होतात. बहुतेक वनस्पतींच्या पेशी इतक्या वाळल्या की कायमच्या नष्ट होतात. या गवताने त्या वाळवून जपून ठेवण्याची विद्या साध्य केली आहे.

वाळवंटाचे स्वयंपाकघर

मारवाडी स्वयंपाकात पंचकूट नावाची एक प्रसिद्ध भाजी आहे. केराची फळे, खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी, कुमटाचे बी, गुंद्याची फळे आणि आंबटपणासाठी आमचूर अशा वस्तू वाळवून ठेवून ती करतात. आमचूर सोडले तर उरलेल्या सर्व वस्तू रानातल्या झाडांवरच्या होत. केर मुळात कडू. त्याची फळे काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात ठेवून त्यांचा कडवटपणा काढतात. पीक बुडाले तरी ही झाडे सहसा बुडत नाहीत. म्हणून दुष्काळी मुलखाने त्यांना भाजीच्या पंक्तीत बसविले. उद्यान पाहून आलेल्या प्रवाशाने जोधपुरात ही भाजी अवश्य मागवावी. सकाळी काट्यांमुळे ज्यांची ओळख झाली, तीच मंडळी दुपारी ताटात भेटतात.

यांपैकी खेजडी ही कातळापेक्षा शेताच्या मातीत अधिक रमणारी. ती पाहावयास उद्यानापेक्षा जोधपूरच्या आसपासच्या शेतांकडे जावे. महाराष्ट्रात दसऱ्याला जिची पूजा करतात ती शमी ती हीच. तिची मुळे अतिशय खोल जातात. शेतकरी ती शेतात मुद्दाम राखतो, कारण तिच्या सावलीत बाजरीचे नुकसान होत नाही आणि पाला जनावरांना मिळतो. जोधपूरपासून जवळच असलेल्या खेजडली गावी १७३० मध्ये राजवाड्याच्या बांधकामासाठी, चुन्याच्या भट्टीला जळण म्हणून, या झाडांची तोड सुरू झाली. तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिष्णोई स्त्रीने झाडाला मिठी मारून प्राण दिले आणि तिच्यामागोमाग एकूण ३६३ स्त्री-पुरुषांनी तसेच केले. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत शमी व बावळिया ही दोन्ही झाडे दीर्घकाळ प्रोसोपिस या एकाच प्रजातीत गणली जात होती. एकाच घराण्यातील दोन झाडांपैकी एकासाठी माणसांनी प्राण दिले आणि दुसरे उपटण्यासाठी कातळ फोडला.

केव्हा जावे, काय पाहावे

उद्यानास भेट देण्यास सर्वांत उत्तम काळ म्हणजे पहिल्या चांगल्या पावसानंतरचे दिवस. वाळवंटातील अल्पायुषी वनस्पतींचे बी महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, मातीत पडून असते. त्यांपैकी अनेकांच्या सालीत अंकुर फुटू न देणारी द्रव्ये असतात. हलकी सर आली तर ती पुरती धुऊन निघत नाहीत व बी झोपलेलेच राहते. भरपूर पाऊस झाला तरच ती वाहून जातात आणि रोप वाढण्याइतकी ओल असल्याची जणू खात्री पटून बी रुजते. मग सारी टेकडी काही दिवसांत हिरवी होते. जुलै-ऑगस्टात जाणे न जमल्यास पावसाळा संपल्यावर, गवते पिवळी पडून त्यांचे तुरे उन्हात चमकू लागतात तेव्हा जावे. किंवा फेब्रुवारीच्या सुमारास थोराची फुले पाहावीत. मे महिन्यात मात्र कुतूहल कितीही असले तरी सकाळी लवकर जाऊन लवकर परतावे. तेव्हा जोधपूरचे तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढू शकते.

शक्य असल्यास तेथील मार्गदर्शकाबरोबर फिरावे. वनस्पतींची स्थानिक नावे त्यांच्या तोंडून ऐकण्यात वेगळाच आनंद आहे. ज्याला झाडांची नावे पाठ करण्याची हौस नाही त्यानेही एका वाटेवर असलेल्या, कातळ कोरून काढलेल्या जुन्या पाटातून अवश्य जावे. पूर्वी पावसाचे पाणी किल्ल्याच्या तलावाकडे नेण्यासाठी तो खोदण्यात आला. दोन्ही बाजूंस कातळाच्या भिंती असल्याने खडकाचे थर, भेगा आणि त्यांतून उतरलेली मुळे डोळ्यांच्या पातळीवर दिसतात.

शाळेच्या सहलीस दोन-तीन लहान कामे सुचवितो. एक साधा तापमापक बरोबर घ्यावा. दुपारी उघड्या कातळावरचे, थोराच्या सावलीतील आणि कातळाच्या खोल भेगेतील तापमान मोजून वहीत लिहावे. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच झुडूप निवडून त्याचे चित्र काढावे आणि ते पाणी कोठे साठवते, कोठून गमावते व ते वाचविण्यासाठी काय करते, हे चित्राशेजारी नमूद करावे. फुले वा फांद्या तोडू नयेत हे सांगण्याची गरज नसावी. थोर व कुमट स्वतःच त्याची काळजी घेतात. माहितीकेंद्राजवळ स्थानिक वनस्पतींची रोपवाटिका आहे, तीही पाहावी.

तिसरे काम बावळियाच्या शोधाचे. उद्यानातील मोठी झाडे निघाली, तरी त्यांचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि शहरातून फिरणाऱ्या जनावरांच्या पोटातून नवे बी येतच असते. प्रत्येक पावसाळ्यानंतर भेगांतून त्याची कोवळी रोपे पुन्हा डोके वर काढतात. बारीक बारीक दलांची पाने, पानाच्या बगलेत काटा आणि भोवतालच्या कोणत्याही रोपापेक्षा अधिक वेगाने वाढणारे मूळ, ही त्याची लक्षणे. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाच्या संमतीने अशी किती रोपे एका पायवाटेलगत सापडतात ती मोजावीत. बोटभर उंचीचे रोप ओल्या मातीतून चिमटीने उपटता येते. ते तसेच राहिले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचे मूळ भेगेत खोल उतरलेले असते आणि मग पुन्हा हातोडा-छिन्नी घेऊन कोणाला तरी दगडाचा आवाज ऐकत बसावे लागते.